पिठाचा धुरळा

मुलगी : बाबा, हवेतलं पीठ गाळायचं मशीन पुन्हा बंद केलंत ना?

बाबा : अगं, त्याचा वारा थेट पावाच्या गोळ्यांवर येतो. वरचं पीठ सुकतं आणि भट्टीत गेल्यावर पाव डोक्यावर तडकतो. गिऱ्हाईक पाव घ्यायला येतं, हवा खायला नाही.

मुलगी : आणि तुमचा खोकला? त्याच्यामुळे गल्लीत कुणाला गजर लावावा लागत नाही.

बाबा : उभा जन्म मी पीठ खाल्लं. आता ते मला खातंय. फिट्टंफाट.

मुलगी : विनोद पुरे. डॉक्टर काय म्हणाले? पिठाची धूळ थांबवा, नाहीतर बेकरी सोडा. मशीन आल्यापासून तुम्ही आडवे होऊन झोपत होतात. परवापासून पुन्हा उशांना टेकून रात्र काढता. आईनं सांगितलं.

बाबा : तुझी आई फितूर आहे. आणि खर्च बघितलास? वीज वेगळी, वर दर दोन-तीन महिन्यांनी नवा फिल्टर. म्हटलं, आहे तोच झटकून वापरू.

मुलगी : झटकलात? कुठे?

बाबा : मागच्या खोलीत, काठीनं. चटई झटकतो तसा. काय पीठ निघालं म्हणून सांगू!

मुलगी : ते गेलं कुठे?

बाबा : कुठे म्हणजे? (खोकतात.)

मुलगी : मशीननं इतके दिवस गिळलेलं तुम्ही एका दमात गिळलंत. कधी झटकलात? परवाच ना?

बाबा : परवाच.

मुलगी : मग ठरलं. नवा फिल्टर आजच आणते. आणि उद्यापासून पोती मी ओतणार, पीठ मी चाळणार. तुम्ही भट्टी बघा.

बाबा : तू? त्या धुरळ्यात? अजिबात नाही.

मुलगी : का? तुम्हाला चालतं की.

बाबा : माझं काय, निम्मं आयुष्य गेलं. तुझी छाती आधीच नाजूक.

मुलगी : तरी उभी राहणार. हट्ट कुठून आलाय, ते तुम्हाला माहीत आहे.

बाबा : ...त्या बाजूनं धर.

मुलगी : काय?

बाबा : मशीन. चाळणीजवळ नेऊ. वारा भिंतीकडे सोडायचा.

मुलगी : आणि परत बंद केलंत तर?

बाबा : तू चाळत असताना? जा, चार फडकी भिजवून आण. गोळे झाकून ठेवू.