पाहुण्यासमोर माग बंद

कॉम्प्युटरचं नाव माझ्यापुढं काढू नका. वडगावात आमच्या पुढच्या खोलीत तो, मागच्या खोलीत आप्पांचे पॉवरलूम. साडीचं डिझाईन काढताना मधेच बंद पडायचा. दुकानात नेला की झकास चालायचा. शेवटी मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याच्यासमोरही चालला. "कायबी झालेलं न्हाय," म्हणून चहा पिऊन तो गेला.

लगेच आप्पांनी माग सुरू केले. फरशी थरथरली आणि स्क्रीन काळी.

"आप्पा, तो असताना माग का बंद ठेवलं व्हतं?"

"पाहुण्यासमोर खडखडाट बरा दिसतो व्हय रं?"

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "सोपं हाय की. माग बंद ठेवा."

"अवो, ही डिझाईनं मागासाठीच काढतोय मी."

त्यानं फोन ठेवला.