साहेबांनी हात लावायचा नाही

आणि वर म्हणतात, हात लावायचा नाही! तुम्ही सांगा, एकतीस वर्षं ज्यानं हातानं काम केलं त्याला खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, हात लावायचा नाही? मी कोंडिराम. चौथी पास. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे, तिथं पॉलिशवर लागलो, मग मुकादम, मग मॅनेजर. मॅनेजर होतो तोवर ठीक होतं. मॅनेजर म्हणजे काय, ओरडायचं आणि स्वतः करून दाखवायचं. गेल्या दिवाळीला शेठ म्हणाले, "कोंडिरामभाई, आज से तुम डायरेक्टर! अभी किसी चीज को हाथ नहीं लगाने का!"

केबिन दिली. काचेची, एसीवाली. खुर्ची अशी, की टेकलं की माणूस मागे... पहिल्याच दिवशी मी थेट भिंतीला! चहा प्यायलो, सवयीनं कप विसळायला उठलो, तर ऑफिसातली संजना किंचाळली, "सर, हात लावायचा नाही!" पंखा कुरकुरला म्हणून स्टूल ओढलं... "सर! हात नाही!" घरी बायकोला सांगितलं, तर भीमाबाई म्हणते, "मग घरात तरी लावा. केबिन रोडच्या गिरणीतून दळण आणा."

हसा. मीही हसलो.

मग हायवेवरच्या हॉटेलात दोन दिवस शिकायला पाठवलं. टाय घातलेला एक माणूस सांगतोय, "सर, मॅनेजर काम बघतो, डायरेक्टर दिशा बघतो. खालच्या माणसावर विश्वास टाका. मध्ये पडू नका." लिहून घेतलं. या वयात वही घेऊन बसलो, तुम्हाला सांगतो!

आता ऐका. मशीनचं कुठं दुखतंय ते मला आवाजावरून कळतं. काचेमागे कसला आवाज? एका मंगळवारी खाली उतरलो, तर तीन नंबरचं पॉलिशचं चाक दात खात होतं... बेअरिंग गेलं! त्या मशीनवर आत्माराम. माझ्याआधी लागलेला, मला 'कोंड्या' म्हणणारा एकटाच उरलेला माणूस. माझा हात बटणापर्यंत गेलासुद्धा! तोच नवा मॅनेजर रोहित आडवा आला. "काका... सॉरी, सर, शनिवारी मेंटेनन्स आहे, सगळं शेड्यूलमध्ये आहे. तुम्ही हात लावू नका ना, सगळ्यांसमोर माझी काय किंमत राहणार?"

त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. हात मागे घेतला. दिशा बघायला वर गेलो.

गुरुवारी चाक डगमगलं, ताट उडालं. आत्मारामच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात गेलो. हाताला हे एवढं बँडेज, आणि मला बघून उठायला लागला. म्हणतो, "बसा, साहेब."

साहेब! अरे, शिवी घाल ना! आईवरून घाल! एकतीस वर्षांत चहा तरी कधी वेगळा प्यालो का आपण? बसलो. मोसंबी सोलून दिली. तेवढाच काय तो हात लावला.

सोमवारी शेठनं बोलावलं. कागद तयार. 'अपघाताचं कारण: कामगाराचा निष्काळजीपणा.' म्हणजे आत्माराम घरी, कंपनी मोकळी. खाली रेघ, रेघेखाली माझं नाव. रोहित बाजूला उभा, मान खाली. "बस साइन करो, कोंडिरामभाई."

बघा आता! कपाला नाही, पंख्याला नाही, बटणाला नाही... आणि इथं लावायचा?

पेन टेबलावर ठेवलं. म्हटलं, "शेठ, चाकाचा आवाज मी मंगळवारीच ऐकला होता. आत्मारामची चूक नाही. आणि डायरेक्टरनं हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

शेठ रागावले नाहीत. माझं नाव खोडलं, कागद रोहितकडे सरकवला. रोहितनं एकदा माझ्याकडे बघितलं... आणि हात लावला.

पुढच्या दिवाळीला डायरेक्टर होईल बघा.