बंड्याची खाज

रत्नागिरीच्या गुरांच्या दवाखान्यात माझ्यासमोर नाटे गावाहून आलेले एक म्हातारे, केस झडलेल्या कुत्र्याला मांडीशी धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं,

"खरूज आहे का, काका?"

"नाय. अ‍ॅलर्जी. मूळ पोटात आहे म्हणतात डॉक्टर."

"पोटात कसं?"

"खाज सुटली की मी मेडिकलातून डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेली तीच जुनी गोळी आणून द्यायचो. दोन वर्षं. त्यानेच आतडी बिघडली. आता मासळी सोसत नाय, भातही सोसत नाय."

"गोळी खायचा?"

"बांगड्याच्या तुकड्यात लपवायचो."

"मग आज काय करणार?"

"खाजवून झालेल्या जखमांचं विष रक्तात गेलंय. कायमचा झोपवणार."

बाईंनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"सकाळी नुसता हात पुढे केला, बाय. तर बांगडा असेल म्हणून बंड्याने तोंड उघडलं."