काठीच्या पुढं चालणारा

गुरम्मा : मांडी घाल.

शिवशरण : असू दे की अव्वा.

गुरम्मा : मांडी घाल म्हनते न्हवं? ताटाकडं पाय करून कोन जेवतंय? बारा वर्सं मुंबईत काढलीस, तितं काय आडवं पडून जेवता का?

शिवशरण : खुर्चीवर बसून. मिलनं खेळाडूंची वेगळी खानावळ केलीय.

गुरम्मा : हितं खानावळ न्हाय. हितं माझ्या हातानं सारवलेली भुई हाय आन् ताटात ज्वारीची भाकरी हाय. तू तुझ्या मिलच्या टीमचा कप्तान असशील, अन्नाचा कप्तान न्हाईस.

शिवशरण : घालतो. हे बघ, घातली. स्स्...

गुरम्मा : काय झालं?

शिवशरण : मुंगी चावली.

गुरम्मा : पुसाच्या थंडीत मुंगी. बरं. शेंगाचटणी घे, दही घे. उद्या भोगी. सकाळच्याला सिद्धरामाच्या काठ्या निघत्यात, गावातल्या अडुसष्ट लिंगांची फेरी. तुझी बाराबंदी धुऊन नीळ देऊन ठेवलीय. अप्पाचीच हाय, खांद्यात उसवून वाढवली. लाथा मारून खांदे कसे रुंद हुत्यात, कुनास ठावं.

शिवशरण : फुटबॉल डोक्यानंही खेळतात, अव्वा. आणि धक्के खांद्यावरच बसतात.

गुरम्मा : पेपरात कलकत्त्याच्या कपाचा फोटो आला तवा बगितलं की. मला वाचता येत न्हाय, पन पोराचं तोंड वळकता येतंय. सगळ्या गल्लीत फिरवला त्यो पेपर. ईरम्मा म्हनती, अगं, कप तर दुसऱ्याच पोरानं धरलाय. लई राग आला मला.

शिवशरण : तो पुढचा, नेहमी गोल मारणारा. मी बॅक आहे.

गुरम्मा : बॅक म्हंजे?

शिवशरण : मागं उभा राहतो. समोरच्यांना गोल करू देत नाही.

गुरम्मा : मंग तुझं नाव कवा घेत्यात लोक?

शिवशरण : चुकलो की.

गुरम्मा : असला कसला मेला खेळ! राखन करायची आपन, आन् कप दुसऱ्याच्या हातात.

शिवशरण : तोच मला आवडतो. पुढचे चेंडूमागं पळतात. मागच्याला सगळं मैदान दिसतं. कोण कुठं आहे, कोण दमलाय, कोण घाबरलाय. मी ओरडून सांगत राहतो. बारा वर्षं पळण्यापेक्षा ओरडणंच जास्त केलं.

गुरम्मा : ते माझ्यावर गेलास. आन् चेंडूच्या पाया पडतोस का अजून?

शिवशरण : अव्वा, तुझ्यामुळं अख्ख्या टीमला नाद लागलाय. ल्हानपणी तू म्हणायचीस ना, कशाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायचा. मी पार्कच्या मैदानावर प्रत्येक लाथेनंतर वाकायचो, तोवर चेंडू पार वेशीपर्यंत जायचा.

गुरम्मा : आन् विणकराची पोरं हसायची.

शिवशरण : म्हणून मग सुरुवातीलाच एकदा नमस्कार करायला लागलो. पुढच्या सगळ्या लाथांची माफी आगाऊ. मुंबईत आधी हसले. आता गोव्याचा गोलकीपर आपला क्रूस चुंबतो आणि मग चेंडूला हात लावतो. हैदराबादचा पोरगा बिस्मिल्ला म्हणतो आणि हात लावतो.

गुरम्मा : बघ. शाळेत दोन यत्ता न गेलेल्या बाईनं मिल सुधारली. कोन हाय दारात? या, चनबसप्पा भावजी. जोडा भायेर काढा, आजच सारवलंय.

चनबसप्पा : काढला, वहिनी, काढला. काय शिवशरण, आलास? बरं झालं. मंडळानं मला पाठवलंय. उद्या आपल्या काठीला पयला कोन, ते आज ठरवायचं. तुझा अप्पा गेल्यापासनं गड्ड्याच्या तीन जत्रा महिपतीनं काठी पेलली. पोरगा चांगला हाय. पन मान तुमच्या घराचा, बरोबर का न्हाय?

गुरम्मा : त्यात काय इचारायचं? माझा शिवशरण पेलनार. परवाच शब्द दिलाय तुमाला.

चनबसप्पा : शब्द दिलाय, खरं हाय. पन पोरगा सरावाला दिसला न्हाय. महिनाभर रोज संध्याकाळी आमी सरावाची काठी घेऊन गल्लीभर फिरतोय.

गुरम्मा : सराव? हजार मानसं पुढनं अंगावर आली तरी हलत न्हाय त्यो. कलकत्त्यात इचारा जावा.

चनबसप्पा : कलकत्त्याला कोन जातंय, वहिनी. काठी घराच्या कौलावरनं दिसती, एवढी उंच. जरा तोल गेला तर खाली पोरंबाळं असत्यात. आपली रीत तुमाला ठावं हाय. काठी धरनाऱ्यानं मांडीवरनं हात न टेकता उटायचं, मंग कमरेला पट्टा बांधायचा. तुमच्या मालकांनी कैक वर्सं असंच उटून दावलं. शिवशरण, ऊठ बाबा. तेवढं बघतो आन् जातो.

गुरम्मा : जेवनावरनं उटवता पोराला?

शिवशरण : असू दे अव्वा. उठतो.

(हात न टेकता उठायला जातो. अर्ध्यावर डावा गुडघा दगा देतो. पाण्याचा तांब्या लवंडतो.)

चनबसप्पा : अरं, अरं! धर मला.

शिवशरण : काही नाही. पाय झोपला होता. पुन्हा उठतो.

गुरम्मा : बस खाली. धोतर वर कर.

शिवशरण : अव्वा...

गुरम्मा : गुडघा दाव म्हनते. यव्वा! ह्यो गुडघा हाय का भोपळा? ही मुंगी चावली व्हय रं तुला?

शिवशरण : गेल्या महिन्यात कलकत्त्यात लागला. पाणी झालंय. डॉक्टर म्हणाला, चाल, फिर, पण महिनाभर ओझं उचलू नको. मग खेळशील.

गुरम्मा : आन् उचललं तर?

शिवशरण : तर मुंबईची स्पर्धा गेली. फेब्रुवारीत आहे. माझी शेवटची. त्यानंतर कप्तानी दुसऱ्याला आणि मला मिलमध्ये टेबलावरचं काम.

चनबसप्पा : मंग आज इतका येळ गप का बसलास? मी महिपतीला सांगतो.

शिवशरण : नाही काका. काठी मीच पेलणार. मी देवाला बोललोय.

गुरम्मा : काय बोललास?

शिवशरण : त्या कलकत्त्याच्या कपाच्या मॅचला शेवटी पेनल्टी मिळाली. पेनल्टी म्हणजे गोलकीपरसमोर एकट्यानं मारायची. पुढचे सगळे मान खाली घालून उभे. कोणी चेंडू उचलेना. कप्तान म्हणून मी उचलला. बारा वर्षांत कधी मारली नव्हती. गुडघा तेव्हाच गेलेला. हात लावून कपाळाला लावला आणि मनात म्हटलं, सिद्धरामा, आत जाऊ दे, ह्या गड्ड्याला तुझी काठी पेलीन.

चनबसप्पा : गेला?

शिवशरण : गेला.

चनबसप्पा : हर्र बोला हर्र!

गुरम्मा : तुमी गप बसा. हर्र म्हनायची येळ हाय का ही? शिवशरण, इकडं बघ. पाय तुझा, चेंडू तुझा, भ्यालास तू, आन् मधी देवाला घातलास.

शिवशरण : तूच शिकवलंस ना, त्याचं नाव घेतल्याशिवाय काही सुरू करायचं नाही?

गुरम्मा : नाव घ्यायला शिकवलं. सौदा करायला न्हाय. सिद्धराम काय दारात बसलेला वसुलीवाला हाय? परवा अक्षता हायत, त्याचं लगीन हाय. लगनाच्या घरात कोन वसुली करतंय?

चनबसप्पा : ते बरोबर हाय वहिनी, पन बोललेलं ते बोललेलं.

गुरम्मा : मी बी बोललेय की तुमाला. भावजी, दुष्काळाच्या साली ह्यांची कंबर धरली हुती. तवा काठी कुनी पेलली?

चनबसप्पा : मी पेलली.

गुरम्मा : आन् हे कुटं हुते? घरात वाकळ घेऊन निजले हुते?

चनबसप्पा : न्हाय वो. शिवप्पा माझ्या पुढं हुता. काठीकडं तोंड करून उलटा चालत. मला वरचं काय दिसतंय? मला नुसता काठीचा बुंधा दिसायचा आन् शिवप्पाचं तोंड. त्यो म्हनला, थांब, तर थांबायचं. त्यो म्हनला, डावीकडं इजेची तार हाय, तर उजवीकडं सरायचं. बाळिवेशीच्या वळनावर त्यो वरडला नसता तर...

गुरम्मा : तर?

चनबसप्पा : तर काठी तारंत गेली असती. मी तुमच्यापुढं हितं बसलो नसतो.

गुरम्मा : आन् त्या साली मान कुनाच्या घरी गेला? तुमच्या?

चनबसप्पा : न्हाय. ते कुनी म्हनलंबी न्हाय. शिवप्पा काठीसंगट हुता की.

गुरम्मा : ऐक रं. अप्पा पुढं चालला, तू बी चाल. डोळे वर आन् तोंड उघडं. बारा वर्सं दुसरं काय केलंस? काठी महिपती पेलंल.

शिवशरण : आणि देवाला काय सांगू?

गुरम्मा : देवाला मी सांगते. सकाळी तळ्यातल्या देवळात जाऊन उभी ऱ्हाते आन् सांगते, पोराचा गुडघा बघ आन् मंग बोल. काठी पुढल्या वर्सी बी हाय. त्याच्या पुढल्या बी. सिद्धराम शेकडो वर्सं हितंच हाय, त्यो कुटं जातोय? तुझी मॅच न्हाय पुढल्या वर्सी.

शिवशरण : अव्वा, तूच म्हणायचीस, चेंडूला लाथ मारून कुणाचं पोट भरतंय म्हणून.

गुरम्मा : म्हनायचे. आता न्हाय म्हनत. गोव्याचं, हैदराबादचं पोरगं माझ्या पोरामुळं वाकतंय. ती मानसं फेब्रुवारीत मागं वळून बगतील, मागं कोन उभं हाय. तितं तू पाहिजेस.

चनबसप्पा : मंग मंडळात काय सांगू, वहिनी? परवा तुमी छाती ठोकून म्हनला हुता, माझाच पोरगा पेलनार.

गुरम्मा : सांगा, गुरम्मानं शब्द फिरवला. असंच सांगा, लपवू नका. पन एवढंच सांगून गप बसू नका. हे बी सांगा, गुरम्माचा पोरगा काठीच्या पुढं चालनार हाय, बापावानी. आन् महिपतीला म्हनावं, त्यो थांब म्हनला की थांबायचं. कप्तान हाय त्यो.

चनबसप्पा : सांगतो. शिवशरण, उद्या बाळिवेशीच्या वळनावर जरा जपून, आँ? तितं आता दोन तारा झाल्यात.

शिवशरण : मी संध्याकाळी येतो, काका. महिपतीबरोबर वाट एकदा चालून बघतो. त्याचं कुठलं पाऊल कच्चं आहे ते कळेल.

चनबसप्पा : बोलायला लागला बघा बापावानी. येतो वहिनी.

गुरम्मा : या. आन् जाताना ईरम्माच्या दारात जरा जोरात बोला. तिला ऐकू जाऊ दे.

शिवशरण : अव्वा.

गुरम्मा : काय?

शिवशरण : बाराबंदी पुढं चालणाऱ्यानं घातली तर चालते?

गुरम्मा : अप्पानं घातली हुती की. हीच. ती भाकरी ठेव, गार झाली. दुसरी घालते.

शिवशरण : फेब्रुवारीत मुंबईला येशील? मॅच बघायला? बारा वर्षांत एकदाही आली नाहीस.

गुरम्मा : मला काय कळतंय त्यातलं. कवा वरडायचं, कवा गप बसायचं. बगायचं कुटं, चेंडूकडं का तुझ्याकडं?

शिवशरण : चेंडूकडं बघ. तो आपल्या गोलाकडं आला की मी तिथंच असतो.

गुरम्मा : मंग मी तुझ्याकडंच बगीन. चेंडूला काय, त्यो यील माझ्यापुढं आपल्या पायानं. हे काय करतोयस?

शिवशरण : मांडी घालतोय.

गुरम्मा : ऱ्हाऊ दे. ताट मी ह्या अंगाला घेते. पाय लांब कर.