एका हातचा घास

गोदाक्का, गुडघा कसा आहे आता? बसा, बसा, भिंतीला टेका. बापूशेट, खोकला अजून हटलेला दिसत नाही, इथवर ऐकू येतोय. गणपतभट, सुनेचा ताप उतरला ना? बरं झालं. आणि मागे खाडीकडची मंडळी उभी आहेत, तुमच्याकडे सगळं ठीक?

मंडळी, मी एकेकाची विचारपूस करतोय, कारण मूळ गोष्टीला जीभ उचलत नाही. मी रामभाऊ तांबट. शाळेचं तोंड पाहिलं नाही, दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकलो. सभेत कसं बोलावं ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

सदाशिवपंतांना जाऊन आज चौदा दिवस झाले. त्यांच्याच अंगणात आपण बसलोय. जानकीवहिनी दाराआड बसून ऐकताहेत.

पंतांना कोण ओळखत नाही? अर्ध्या कल्याणाला त्यांनी पाढे शिकवले. मग देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. शाळा सुटली. वहिनी हाताला धरून देवळात नेत, तर पारावरचे लोक म्हणायचे, "काय पंतोजी, आता बायकोच्या पदराला धरून पहिलीपासून का?" हसणारे इथेही बसले असतील. त्या दिवसापासून पंत घराबाहेर पडले नाहीत. दोन वर्षं ओटीवर. मला म्हणाले होते, "रामभाऊ, डोळ्यांचं मी गिळलं हो. पण पाय धडधाकट असून गाठोड्यासारखं कोणीतरी इकडून तिकडे ठेवायचं, हे गिळवत नाही."

मग विठ्ठलवाडीच्या माळावर महादू धनगराची मेंढरं उतरली. मेंढरू खड्ड्याकडे गेलं की त्याचं कुत्रं पुढे जाऊन आडवं उभं राहायचं. पंतांनी हे ऐकलं आणि असं कुत्रं आपल्यालाही वाट दाखवील, असा ध्यासच घेतला. महादूनं एक पिल्लू दिलं. अंगावर ठिपके, म्हणून ठिपक्या. देताना म्हणाला, "मास्तर, येक ध्यानात ठेवा. याला घास येकाच हातचा. धा हातांचं खाल्लं की त्ये गावाचं झालं. मग तुमचं न्हाई."

वर्षभर काय खस्ता खाल्ल्या त्या माणसानं! कुत्र्याच्या पट्ट्याला वेताची काठी बांधली, तिचं दुसरं टोक पंतांच्या मुठीत. वहिनी वाटेत टोपली पालथी घालायच्या आणि पंत मुद्दाम तिला अडखळून पडायचे. का? कुत्र्याला कळावं, आपला माणूस इथे पडतो. नडग्या सोलवटून निघाल्या. मी म्हटलं, "पंत, डोळे गेले ते गेले, आता गुडघेही घालवता का?" तर हसून म्हणाले, "तुमचं पातेलं ठोके न खाता गोल होतं का, रामभाऊ?"

आणि जमलं हो! एका सकाळी पंत एकटे निघाले. खड्डा आला, ठिपक्या आडवा. पायरी आली, ठिपक्या आडवा. नाल्यावरची मोरी ओलांडून, बाजारातून, थेट धर्मशाळेपर्यंत. तिथे पोरं जमवून पुन्हा पाढे सुरू केले. कोणाचा हात नाही. कोणाचा पदर नाही. आपल्या पायांनी गेले, आपल्या पायांनी आले.

आणि आपण काय केलं, मंडळी? आपण माया केली. दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री असतात, तेव्हा हा दत्ताचाच, असं म्हणालो. दर गुरुवारी त्याला कुंकू लावलं. कोणी पोळी घातली, कोणी दूधभात. पंत दारोदार हात जोडत होते, "बाबांनो, त्याला घालू नका. पाया पडतो तुमच्या." आणि आपण? "एका घासानं काय होतंय हो, पंत!"

काय होतंय, ते सांगतो.

त्या गुरुवारी मोरीच्या डागडुजीसाठी रस्ता खणलेला होता. पलीकडे मी दुकानात ठिपक्यासाठी भाकरीला तूप लावून बसलेलो. पंत येताना दिसले. ठिपक्या खड्ड्याशी थांबला. आडवा व्हायला लागला. आणि मी, मी च्यक् च्यक् केलं. खड्डा मला दिसत नव्हता का? चार दिवस तो माझ्या डोळ्यांसमोरच होता. पण त्या घटकेला मला नुसतं कुत्रं दिसलं. त्यानं माझ्याकडे उडी घेतली. काठीला हिसका बसला आणि पंत खाली गेले.

खुबा मोडला. हाडवैद्य झाला. ठाण्याहून डॉक्टर आणला, तो बाहेर येऊन मान हलवत हात धुऊ लागला. दीड महिना पंत पडून होते. मी रोज जायचो, पंखा घालायचो. रोज ठरवायचो, आज सांगू. एकदा त्यांनीच विचारलं, "ठिपक्याला कोणी मारलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही." तर म्हणाले, "मारू देऊ नका. मुकं जनावर. हाक आली की जायचंच."

हाक म्हणाले, मंडळी. हाक. त्यांना ठाऊक होतं का? मी विचारलं नाही. पंखा घालत राहिलो. आता कोणाला विचारू?

ठिपक्या इथेच तुमच्यात फिरतोय. सगळ्यांच्या हातचं खातोय. त्याला काय बोल लावायचा?

वहिनी, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय. एकट्यानं येऊन सांगायचा धीर झाला नाही, म्हणून चारचौघांचा आधार घेतला. हाही माझा भ्याडपणाच.

मंडळी, आता उभे राहू. पंतांसाठी क्षणभर गप्प राहू, मनातल्या मनात रामनाम घेऊ.

वहिनी, तुम्ही मात्र गप्प राहू नका. उद्या तुम्ही कोपरीला भावाकडे निघालात. डोळे गेल्यावर पंतांनी तुमचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली, त्यांची पत्रं तुम्हीच लिहीत होता. मला एक कार्ड टाका. क्षमा मागायला मला तोंड नाही, ती लिहू नका. शिव्या लिहा, शाप लिहा. मी स्वतः वाचेन, दुसऱ्याकडून वाचवून घेणार नाही. पण लिहा, वहिनी. लवकर लिहा.