लाल लोकरीची काकडी

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्हाला धीर नाही! मला! अहो, बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात 'हे अक्षर दिसतं का, बरं आता दिसतं का' करत काढली मी, माझ्याकडे धीर नाही तर दुसरं आहे काय? पण समोर वेलाला काकडी लोंबतेय, कोवळी, हिरवीगार, अंगावर बारीक लव, आणि देठाला लाल लोकर बांधलेली. लोकर म्हणजे काय? म्हणजे ही खायची नाही, ही बियाण्याची! अहो, एक काकडी. मीठ लावून. जास्त काही मागत होतो का मी?

थांबा, नीट सांगतो. शहराच्या कडेला पालिकेने भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने दिलेत, त्यातला चौदा नंबर आमचा. आमचा म्हणजे पाच जणांचा: मी, बायको, आई, ताई आणि ताईचे यजमान. यजमानांना आम्ही सगळे पुस्तकराव म्हणतो, कारण हा माणूस कुदळ हातात घेण्याआधी कुदळीवरचं पुस्तक वाचतो. तर गेल्या वर्षी पुस्तकरावांच्या डोक्यात शिरलं की आता जुनी वाणं लावायची. "दुकानातलं बी एकदा लावा आणि विसरा! जुन्या वाणाचं बी आपलं आपण धरायचं, वर्षानुवर्षं!" झालं! स्वयंपाकघरातल्या टेबलावर बियाण्यांच्या याद्या पसरल्या, रंगीत चित्रांच्या. बायकोला जांभळी गाजरं हवीत, ताईला ठिपक्यांचा घेवडा हवा, "अगं, दिसतो किती गोड!" आता शिजवल्यावर ठिपके जातात हे तिला कोणीतरी सांगायला नको? मी सांगितलं. दोन दिवस अबोला.

शेवटी आई उठली. "चित्रं बघून काय लावता रे?" म्हणाली, कपाटातून एक पाकीट आणलं आणि टेबलावर पाच बिया ठेवल्या. पाच! मावशीने, म्हणजे आईच्या अक्काने, पाठवलेल्या, आईच्या माहेरच्या काकडीच्या. मावशीचे गुडघे गेले, तिची बाग बंद पडली, डब्याच्या तळाशी एवढ्याच उरल्या होत्या. सोबत चिठ्ठी: 'या शेवटच्या. जगव, आणि मला थोडं बी परत पाठव.' आई म्हणाली, "साठ वर्षं झाली खाऊन." बस, एवढंच म्हणाली. गाजरं गेली, ठिपके गेले.

पाचातली एक कुजली. (माझ्यामुळे. प्रेमाने पाणी जरा जास्त झालं.) एक उगवली तेव्हा गोगलगायीने खाल्ली, दोन उगवल्याच नाहीत, राहिला एक वेल. एका वेलाला पाच माणसं! पुस्तकराव रोज पानं मोजायचे, ताई वेलाशी बोलायची, तुम्हाला सांगतो, माझ्याशी एवढं गोड ती कधी बोललेली नाही. आणि मग ती काकडी धरली. आईने पिशवीतली लाल लोकर काढली आणि बांधली. "ही बियाण्याची. पिवळी होऊन साल जाड होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही!" पुस्तकराव लगेच, "बरोबर! सगळ्यात देखणी असेल तीच ठेवायची असते!" म्हणजे बघा हं, सगळ्यात सुंदर काकडी म्हातारी करायची! आणि वर एक गंमत, काकडी पिकायला ठेवली की वेल म्हणतो, झालं माझं काम, आणि नवीन धरायला टाळाटाळ करतो. पानांआड दोन-तीन धाकट्या होत्या, बाकी शून्य. आणि आम्ही रविवारी रांगेत उभं राहून नुसतं बघायचं! एक काकडी हो. मीठ लावून.

बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी गेलो. हो, गेलो! खिशात मिठाची पुडी. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, लोकर सोडली, शेजारच्या धाकटीला बांधली. काय बिघडलं? तीही काकडीच ना? आणि मोठी तोडली, शर्टाला पुसली आणि कर्र्र्रकन... आहाहा! काय सांगू तुम्हाला! थंडगार, गोड, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत, वेलाआड उकिडवा बसून मी पन्नाशीचा माणूस हसत होतो हो, एकटाच! आणि मीठ? पुडी खिशातच! आठवलंच नाही!

रविवारी सगळे गेलो. बघतो तर लोकर तिसरीलाच! माझी धाकटी गायब! आता विचारणार कुणाला, आणि कुठल्या तोंडाने? आई वाकून बघतेय, "जरा बारीक झाली का रे ही?" पुस्तकराव ताबडतोब, "उन्हाने आकसतात!" ताई म्हणते, "हो हो, मीपण वाचलंय." ताई! जी औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा वाचत नाही! बायको तर आभाळाकडे बघत होती.

पुढच्या रविवारी लोकर कुठे? अंगठ्याएवढ्या, वाकड्या, एका टोकाला फुगलेल्या काकडीला. वेलावर दुसरी एकही नाही. वेलही आता थकलेला, पानं पिवळी पडत चाललेली. आई पालथ्या बादलीवर बसली. "मी अक्काला काय पाठवू रे?" असं म्हणाली, हळूच. शेवटच्या पाच बिया हो, कुणाच्या तरी माहेरच्या, आणि आम्ही काय केलं? म्हटलं, "आई, पहिली मी खाल्ली." बायको म्हणाली, "दुसरी मी." तिसरीचं काय? ताई आणि पुस्तकराव! दोघं एकमेकांपासून लपून आलेले आणि वेलापाशीच समोरासमोर सापडले, मग काय, अर्धी अर्धी! "मी ती अभ्यासासाठी खाल्ली," असं म्हणाला हो तो माणूस!

आई आमच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती! "अरे, मी लोकर बांधली ना, त्याच्या आदल्या दिवशी एक होती. साठ वर्षं रे... राहवलं नाही."

मग ती वाकडी जी राखली आम्ही! पाळ्या लावल्या, खाली वीट ठेवली, वर फडकं धरलं. पिवळी झाली, फोडली, बिया धुतल्या, ताटलीत वाळवल्या. त्रेसष्ट! निम्म्या मावशीला गेल्या. आईने फोनवर घाबरत घाबरत सांगितलं, "अक्का, चांगल्या काकडीचं नाही गं. वाकडीचं बी आहे." पलीकडून मावशी खणखणीत: "मग? आपल्या घरात चांगली काकडी बियाण्याला उरली होती कधी? जी कुणी खायचं नाही, तीच धरायचो. अशीच तर चालत आली ती!" पुस्तकरावांचं तोंड बघायला हवं होतं. "हे कुठल्याच पुस्तकात नाही," म्हणाले.

यंदा चौदा नंबरात अकरा वेल आहेत. अकरा! काकड्याच काकड्या. आई म्हणाली, "खा रे पोटभर, बियाण्याला वाकडी उरतेच." मग काय, चटई टाकली, ताटात फोडी, मीठ, सगळं रीतसर. खाल्ली. चांगली होती. चांगलीच होती हो, उगाच नावं का ठेवू? पण ताई म्हणाली, "गेल्या वर्षीची काहीतरी वेगळीच होती, नाही?" फोडी तशाच उरल्या.

आईने आमच्याकडे एक नजर टाकली, उठली, सगळ्यात देखणी काकडी शोधली आणि देठाला लाल लोकर बांधली. "ही बियाण्याची. खबरदार कुणी हात लावला तर!"

काय करणार? उद्या दुपारची सुट्टी टाकलीय मी, दुकानात सांगितलं, घरचं महत्त्वाचं काम आहे. आणि आत्ता येताना कळलं, बायकोनेही टाकलीय.