आक्कानं न विचारलेला प्रश्न

चहा राहू द्या बाजूला, आधी हे ऐका. बोरीच्या आमच्या आक्काची मुक्ता स्पॅनिश शिकली अन् नोकरीसाठी स्पेनला निघाली, त्या दिवशीची गोष्ट. गाडी दारात उभी, तरी आक्काचं चालूच. "तिथं आपलं कोण हाय? काय खाशील? कशी राहशील? परत कवा येशील?"

मुक्ता हसायला लागली. "आई, तिकडं 'कोण'ला 'क्येन' म्हणतात, 'काय'ला 'के', 'कसं'ला 'कोमो' अन् 'कधी'ला 'क्वांदो'. लॅटिनमधून आलेत ते. तिथं होते 'क्वेम', 'क्विद', 'क्वोमोदो' अन् 'क्वांदो'. त्यांचे अन् आपले शब्द एकाच जुन्या मुळाचे, म्हणून सगळे 'क'नंच सुरू होतात."

मी तर गारच पडलो. कुठं रोम अन् कुठं आपली बोरी!

"मग 'कुठं'ला काय म्हणतात गं?" मी विचारलं.

"दोन्दे. तेवढ्याचाच 'क' हरवला, मामा. लॅटिनमध्येच त्याचं 'उंदे' झालं होतं, मग त्याच्याआधी 'दे' लागून 'दोन्दे' झालं."

मी आक्काकडं बघितलं अन् अंगावर काटाच आला. इतकं सगळं विचारलं बाईनं, पण 'कुठं' हे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

ती मुक्ताच्या हातावर दही ठेवत होती. मान वर न करताच म्हणाली, "हरवणारच की. निघालेल्या माणसाला कुठं म्हणून कुणी इचारतं का? त्यांच्या आयांनी बी इचारलं नसंल."